खुल्या मैदानावरचा संगीत महोत्सव: दोन रात्री, एक तंबू आणि शेवटच्या कार्यक्रमापर्यंत शाबूत कान

लहान महोत्सवात माणूस थकतो शनिवारी रात्री, पण ते त्याला कळतं रविवारी दुपारी. संयोजक बहुतेक वेळा सगळ्यांत चांगला कार्यक्रम शेवटी ठेवतात, आणि नेमका तेव्हाच कुणाचा कान गुणगुणत असतो, कुणाचं डोकं उन्हाने धरलेलं असतं, कुणी ओल्या मोज्यांना वैतागून गाडीकडे निघालेला असतो. म्हणून तयारी करताना एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा: शेवटचा कार्यक्रम सुरू होईल तेव्हा आपल्याला नीट ऐकू आलं पाहिजे आणि ऐकायला अंगात त्राण उरलं पाहिजे. इथे लिहिलेलं काही शे ते दोनेक हजार माणसांच्या, एक-दोन मंचांच्या, तंबूत मुक्काम करायच्या महोत्सवाला धरून आहे.

घरून निघण्याआधी

तंबू घरी एकदा पूर्ण उभा करून पाहा. तडा गेलेली काठी, कमी पडणाऱ्या मेखा आणि अडकणारी चेन हे तिन्ही दोष घरी दहा मिनिटांत सापडतात. मैदानावर अंधारात सापडले तर रात्र गेलीच. बाहेरच्या कापडावर पाण्याचा पाइप धरा आणि शिवणींतून थेंब येतो का ते आत बसून पाहा. येत असेल तर शिवणीला लावायचं सीलंट मिळतं, ते आतून लावून रात्रभर वाळू द्या. ‘दोन माणसांसाठी’ असं लिहिलेल्या तंबूत दोन माणसं खेटून झोपतात. सामानाची जागा त्यात धरलेली नसते. दोघांनी तीनचा घ्यावा, तिघांनी चारचा.

मेखा मोजा आणि सहा-आठ जास्तीच्या ठेवा. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा मऊ मातीत चालतात, टणक जमिनीत वाकतात आणि रेतीत धरतच नाहीत. टणक जमिनीसाठी जाड पोलादी मेखा आणि लहान हातोडा लागतो, रेतीसाठी रुंद पात्याच्या लांब मेखा.

अंगाखाली काय आहे याकडे लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात. स्लीपिंग बॅगवर आडवं झालं की तिचा खालचा थर दबतो, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि ऊब धरायला काही उरत नाही. मग जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. नुसती हवेची गादीही गार लागते, कारण तिच्यातली हवा आतल्या आत फिरत असते. गादीवर फोमची पातळ मॅट अंथरली की हा प्रश्न सुटतो. झोपायचे कपडे आणि दोन जोड मोजे तोंड बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा. ते घालून तंबूबाहेर पडायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. बाकी सगळे कपडे भिजले तरी हा कोरडा जोड असला की झोप मिळते.

गाडी लावायची जागा आणि तंबूची जागा यांत बरंच अंतर असू शकतं, तेही खडबडीत वाटेचं. सगळं सामान पाठीवर आणि हातांत घेऊन घराबाहेर दहा मिनिटं चालून पाहा. नको असलेल्या वस्तू आपोआप बाजूला निघतात. या वस्तू मात्र काढू नका:

कपाळावर बांधायची बॅटरी, शक्यतो लाल उजेडाची सोय असलेली, इयरप्लगचे निदान तीन जोड, रेनकोट (गर्दीत छत्री मागच्या माणसाच्या डोळ्यासमोर येते), टोपी, साबणाचा तुकडा आणि टॉयलेट पेपर, रोजची औषधं, एक दिवस जास्त पुरतील इतकी, चिकटपट्ट्या, कचऱ्याच्या चार मोठ्या पिशव्या, पाच-सहा मीटर जादा दोरी.

पॉवर बँकेवरच्या आकड्याने फसू नका. २०,००० मिलिअँपिअर-अवर हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. फोनकडे वीज ५ व्होल्टने जाते आणि वाटेत थोडी उष्णतेत जाते, त्यामुळे हाती येतात साधारण १२ ते १३ हजार. मोठ्या बॅटरीचा फोन त्यावर अडीच-तीनदा भरतो. मैदानावर नेटवर्क कमकुवत असेल तर फोन टॉवर शोधण्यातच बॅटरी संपवतो, म्हणून विमान मोडवर ठेवा आणि ठरलेल्या वेळी उघडून पाहा.

जागा निवडणं

पहिल्या दिवशी लवकर पोहोचायचं ते यासाठी. उजेड असताना पिशव्या खाली ठेवा आणि आधी सगळं मैदान एकदा फिरून या.

पाऊस आला तर पाणी कुठून उतरेल आणि कुठे थांबेल हे पहिलं पाहायचं. शेजारच्यापेक्षा जास्त हिरवं, पायाला मऊ लागणारं गवत म्हणजे तिथे पाणी मुरतं. अगदी किंचित उतार असलेली उंच बाजू चांगली. झोपताना डोकं चढाच्या बाजूला करा. तंबूभोवती चर खणू नका. आजच्या तंबूंना त्याची गरज नसते, मैदान खराब होतं आणि अंधारात कुणाचा तरी पाय त्यात मुरगळतो. डोक्यावर वाळलेली फांदी असेल तर तिथून हला. पूर्वेला झाड किंवा भिंत असेल तर उत्तम, कारण ऊन थेट पडलं की तंबू तासाभरात भट्टीसारखा तापतो आणि उशिरा झोपलेल्या माणसाला सकाळी तीच एक तास झोप हवी असते.

आता आवाज. मंचाच्या मागे शांत असेल असं वाटतं, आणि तिथे तंबू ठोकणारे पहाटेपर्यंत तळमळतात. उंच स्वर स्पीकरच्या समोरच्या दिशेने जातात, पण बेस चहूकडे पसरतो. ५० हर्ट्झच्या स्वराची एक लहर जवळपास ७ मीटर लांब असते. तिला ना स्पीकरची पेटी अडवू शकते, ना झाडांची रांग, ना तंबूचं कापड. तिच्यावर उपाय दोनच, अंतर आणि वारा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. वारा तंबूकडून मंचाकडे वाहत असेल तर आवाज आणखी कमी पोहोचतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटं होतं: जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर गेलेला आवाज वाकून परत खाली येतो. दुपारी लांब वाटलेला मंच रात्री एक वाजता शेजारी आल्यासारखा वाटतो तो यामुळे. जागा ठरवताना दुपारच्या आवाजावर विसंबू नका.

मंचापेक्षाही त्रासदायक म्हणजे जनरेटर, कारण कार्यक्रम संपतात पण तो रात्रभर चालू असतो. त्याच्यापासून आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्यांपासून लांब राहा. शौचालय ६०-७० पावलांवर असावं आणि वारा त्याच्याकडून आपल्याकडे येत नसावा. तिथे जाणारी मुख्य पायवाट मात्र टाळा, नाही तर दर अर्ध्या तासाने कुणी तरी दोरीला अडखळून तंबूवर पडेल.

तंबू ठोकताना

दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे ठोका, मग समोरचे दोन ताणून घ्या, मग काठ्या घाला. मेख उभी न ठोकता तिचं डोकं तंबूपासून लांब कलतं ठेवा, जमिनीशी साधारण ४५ ते ६० अंशांत, म्हणजे दोरीचा ओढ मेखेला जवळपास काटकोनात बसतो आणि ती उपटून येत नाही. आकड्याची मान जमिनीला टेकेपर्यंत आत जाऊ द्या. अर्धवट बाहेर राहिलेली मेख हलून हलून भोक मोठं करते. हातोड्याचे दोन-चार घाव घालूनही मेख पुढे जात नसेल तर खाली दगड आहे. जोर न लावता काढून चार बोटं सरकवा. बाजूचे ताणाचे दोर ‘आज वारा नाही’ म्हणून सोडू नका. वारा रात्री तीनला सुटला तर ते कोण बांधणार? दोरांना पांढऱ्या चिंध्या बांधा, अंधारात दिसतात.

तंबूखाली ताडपत्री अंथरत असाल तर तिची एकही कड तंबूबाहेर डोकावू देऊ नका. बाहेर राहिलेली कड छपरावरून ओघळणारं पाणी झेलते आणि थेट अंथरुणाखाली आणून सोडते. कडा आत दुमडून घ्या.

पहाटे आतून थेंब टपकले की लोकांना तंबू गळतोय असं वाटतं. बहुतेक वेळा ते आपल्याच श्वासातलं पाणी असतं, गार कापडावर साठलेलं. यासाठी वरचे झरोके पावसातही उघडे ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका आणि आतलं कापड बाहेरच्या कापडाला टेकणार नाही इतकं ताणून घ्या. आणि कितीही थंडी असली, कितीही पाऊस असला, तरी तंबूत शेगडी, कोळसा किंवा गॅसचा दिवा लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. विझत आलेली शेगडीसुद्धा तो वायू सोडत असते.

उजेड आहे तोवर तंबूपाशी उभं राहून दोन दिशांच्या दोन ठळक खुणा पाहून ठेवा, उदाहरणार्थ पाण्याची टाकी आणि एखादा उंच दिवा. रात्री सगळे तंबू एकसारखे दिसतात. सोबत्यांशी भेटायची एक जागा आणि एक वेळ ठरवा. इंटरनेट चालत नसतं तेव्हाही साधा एसएमएस पुष्कळदा जातो. लहान मुलांच्या मनगटपट्टीच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहा.

कान

आवाजाच्या बाबतीत वेळ आणि पातळी यांचा हिशोब एकत्र करावा लागतो. कामाच्या जागी आरोग्य सांभाळण्यासाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने दिलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबलला ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९१ ला २ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मर्यादा पाळणाऱ्या कार्यक्रमातसुद्धा स्पीकरजवळ दोन तास उघड्या कानांनी उभं राहणं परवडत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर प्लग घालायची वेळ झालेली आहे.

फोमचा प्लग बहुतेक लोक चुकीचा घालतात. नुसता कानाच्या तोंडाशी कोंबला तर तो उंच स्वर थोडे दाबतो आणि बाकी काहीच करत नाही, मग ‘प्लगने गाणं खराब ऐकू येतं’ म्हणून तो काढला जातो. आधी हात धुवा. प्लग बोटांत फिरवत, चुरगळू न देता, बारीक काडीएवढा वळा. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. वाकडी नळी त्याने सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोटाने २० ते ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे तो आतच फुगतो. नीट बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा ऐकू येतो. समोरून आरशात पाहिलं तर प्लग बाहेर आलेला दिसू नये.

संगीत ऐकायला मात्र फिल्टरचे इयरप्लग घेण्यासारखे आहेत. ते सगळे स्वर जवळपास सारख्या प्रमाणात खाली आणतात, त्यामुळे झांजेची किणकिण आणि गाण्याचे शब्द शाबूत राहतात. फोमचे झोपण्यासाठी ठेवा. कापूस किंवा टिश्यूचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. लहान मुलांना प्लगऐवजी कानांवर घट्ट बसणारे इयरमफ द्या, आणि त्यांना स्पीकरपासून लांबच बसवा.

कान गुणगुणायला लागले तर त्या दिवशी मोठा आवाज पुरे. गुणगुण एक-दोन दिवसांत गेली नाही तर डॉक्टरकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी.

कुठे उभं राहायचं

मैदानाच्या मध्यावर, मंचासमोर थोड्या अंतरावर साउंड इंजिनिअरचं टेबल असतं. तो तिथे जे ऐकतो त्यावरून सगळा आवाज बसवतो, म्हणून त्याच्या आसपासची जागा सगळ्यांत समतोल. तिथेही अगदी मधल्या रेषेत बेस भारी वाटला तर चार पावलं बाजूला सरका: डाव्या-उजव्या सबवूफरचा, म्हणजे बेसच्या स्पीकरचा, आवाज मधोमध एकाच वेळी पोहोचून दुणावतो. अगदी पुढे उभं राहिलं तर गायकाचा आवाज कमी आणि मंचावरचे ढोल-ड्रम जास्त असं उलटं प्रमाण मिळतं. फार मागे गेलात तर वेगळीच गंमत दिसते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून ३४ मीटरवरून वादकाची काठी ड्रमवर पडलेली आधी दिसते आणि ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने नंतर पोहोचतो.

पुढच्या गर्दीत आपल्या मनाने पाऊल टाकता येईनासं झालं, किंवा गर्दी लाटेसारखी ढकलू लागली, की लगेच निघा. हात छातीसमोर दुमडून श्वासापुरती जागा राखा आणि लाट ओसरली की तिरकं, कडेच्या दिशेने सरकत जा. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका.

दिवस कसा वाटायचा

कार्यक्रमपत्रिकेतले दिवसाला तीन किंवा चार कार्यक्रम पक्के करा. उरलेला वेळ मोकळा सोडा. लहान महोत्सवात दुपारी, पन्नास माणसांसमोर होणारी मैफल पुष्कळदा सगळ्यांत जवळची असते. गायकाचा श्वास ऐकू येतो. त्यासाठी सकाळी उठण्याइतकी झोप हवी. दुपारी तासभर सावलीत आडवं व्हा, तंबूत नाही. दोन कार्यक्रमांमध्ये वाद्यं बदलायला १५ ते ३० मिनिटं लागतात, पाणी भरणं आणि शौचालय त्यात उरकून घ्या. संध्याकाळकडे वेळापत्रक उशिरा घसरत जातं, पण कधी कधी कुणी न आल्याने पुढचा कार्यक्रम लवकरही सुरू होतो. मंचाजवळचा फलक पाहत राहा.

कलाकाराशी बोलायचं असेल तर त्याला आधी वाद्य आवरू द्या. मंचावरून उतरताना पुढच्या संचासाठी जागा मोकळी करण्याची त्याला घाई असते. हळू चाललेल्या गाण्यात गप्पा मारायच्या असतील तर मागे जा, ही कळकळीची विनंती.

स्वतःचं वाद्य नेणार असाल तर बंद गाडीत ठेवू नका. उन्हात गाडीतल्या तापमानाने लाकडी वाद्याचे सांधे सुटतात, चामड्याचं तोंड ताणून फाटू शकतं. पेटीत घालून सावलीत ठेवा. रात्री दव पडलं की तारा आणि चामडं दोन्ही सुरातून उतरतात, हे धरून चला. तंबूंमध्ये बसून चाललेल्या वाजवण्यात सामील होताना आधी एक-दोन गाणी ऐका, स्वर विचारून घ्या आणि बसलेल्यांपैकी सगळ्यांत हळू वाजवणारा ऐकू येईल इतपतच वाजवा.

ऊन, पाणी, वीज

उन्हाच्या दिवशी माणशी निदान ३ लिटर पाणी धरा, नाचणाऱ्याला त्याहून जास्त. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. घाम पुष्कळ जात असेल तर नुसतं पाणी ढोसू नका, मीठही भरून निघालं पाहिजे. ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. मद्य घेणाऱ्याने प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी प्यावं. सनस्क्रीन ३० किंवा जास्त एसपीएफचं, दर दोन तासांनी. अख्ख्या अंगाला साधारण ३५ मिलिलिटर लागतं, आणि बहुतेक लोक फार पातळ लावतात. कान, मानेची मागची बाजू आणि पावलं हमखास राहतात.

चक्कर, मळमळ, भरपूर घाम एवढंच असेल तर सावली, पाय वर, पाणी घोट घोट. बोलणं असंबद्ध झालं, तोल जातोय आणि अंग भाजल्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात आहे. वैद्यकीय मदतीला हाक मारा आणि ती येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही देऊ नका.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजा. ३० सेकंद किंवा कमी आले तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तंबू, मंचाचं छप्पर आणि एकटं झाड यांपैकी काहीही सुरक्षित नाही. पक्की इमारत किंवा पत्र्याच्या छताची, काचा वर केलेली गाडी सुरक्षित. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा.

शौचालयं पहाटे साफ होतात, त्यामुळे तीच जाण्याची वेळ. जेवणाआधी साबण-पाण्यानेच हात धुवा. पोट बिघडवणाऱ्या काही विषाणूंवर, विशेषतः नोरोव्हायरसवर, सॅनिटायझर नीट चालत नाही.

आवराआवर

शेवटच्या रात्री थांबणं जमत असेल तर थांबा आणि सकाळी निघा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारख्या मंदावतात, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. काच खाली करणं आणि गाणी मोठ्याने लावणं यांनी झोप जात नाही. डोळे जड झाले तर गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं झोपा.

मेखा काढताना दोरीला हिसके देऊ नका. दुसऱ्या मेखेचा आकडा अडकवून ठोकलेल्याच कोनात ओढा. आणल्या होत्या तेवढ्या मोजून घ्या. गवतात राहिलेली एक मेख पुढे गवत कापायच्या यंत्रात किंवा चरणाऱ्या जनावराच्या खुरात जाते. तंबू उचलल्यावर रिकाम्या जागेवर वाकून एक फेरी मारा: बाटलीची बुचं, सिगारेटची थोटकं, इयरप्लग, चिकटपट्टीचे तुकडे.

तंबू ओला घडी घातला असेल तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी उघडा, फार तर दुसऱ्या. त्यानंतर बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि वास जात नाही. सावलीत, दोरीवर, आतली बाजू बाहेर करून वाळवा. तळाचं कापड सगळ्यांत उशिरा वाळतं, ते हाताने चाचपून पाहा. चेनच्या दातांतली माती जुन्या टूथब्रशने काढा, काठ्या पुसून घ्या, वाकलेल्या मेखा वेगळ्या काढा आणि त्यांच्या जागी नव्या घालून मगच पिशवीचं तोंड बांधा.